अंथरुणावरच्या रुग्णाची सकाळची सेवा : तयारी, क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

नागपूरच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात सकाळी साडेसातच्या सुमारास मेडिसिन किंवा ऑर्थोच्या वॉर्डात उभे राहिले, तर चार खाटांवर चार गोष्टी चाललेल्या दिसतात. एका खाटेवर नातेवाईक आडव्या पडलेल्या रुग्णाच्या तोंडात चमच्याने चहा घालत असतात. दुसऱ्या खाटेवर नुकतेच नळीतून दूध दिलेल्या आजोबांना चादर बदलण्यासाठी सपाट केलेले असते. तिसरीकडे इन्सुलिन टोचून झालेले असते, पण नाश्ता अजून आलेला नसतो. चौथीकडे रुग्णाला डाव्या कुशीवर वळवलेले असते आणि लघवीची पिशवी मात्र उजव्या बाजूलाच लटकत राहिलेली असते. यांतले एकही काम अनावश्यक नाही आणि करणाऱ्यांच्या मनात काळजीही असते. चूक असते ती क्रमात, आणि माझ्या अनुभवात सकाळच्या पाळीत रुग्णाला होणारी बरीचशी इजा या उलट्या क्रमातूनच होते.

हा लेख नव्याने वॉर्डात रुजू झालेल्या परिचारिकांसाठी, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आणि रुग्णाजवळ थांबणाऱ्या नातेवाइकांसाठी आहे. आपल्याकडे गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्यापासून ते छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात आणि त्यांच्यासोबत आलेला मुलगा किंवा सून पहिल्याच दिवसापासून सेवेला हात लावते. म्हणून जे काम फक्त परिचारिकेने करायचे आहे, तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे. पक्षाघात, खुब्याचे हाड मोडणे, मोठी शस्त्रक्रिया किंवा लांबलेला आजार यांमुळे ज्या प्रौढ रुग्णाला स्वतः कूस बदलता येत नाही, तो येथे डोळ्यांसमोर आहे. व्हेंटिलेटरवरील रुग्णाची सेवा वेगळी असते. ती यात धरलेली नाही.

## टप्पा १ : हात लावण्यापूर्वी ओळख आणि पाहणी

रुग्णाची ओळख दोन गोष्टींवरून पटवावी : पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. मनगटावरची पट्टी आणि केसपेपर या दोन्हींवर त्या जुळल्या पाहिजेत. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे. रात्री गर्दी झाली की रुग्ण हलवले जातात, जास्तीची खाट मध्ये टाकली जाते आणि काल बारा नंबरवर असलेले काका आज चौदा नंबरवर असतात. नाव विचारताना “तुम्ही रामाजी ना?” असे विचारू नये, कारण गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा रुग्ण कोणत्याही नावाला मान हलवतो. “तुमचे पूर्ण नाव सांगा” असे म्हणावे. रुग्ण बोलू शकत नसेल तर नातेवाइकाकडून नाव वदवून घ्यावे आणि तरीही पट्टी वाचावीच.

त्यानंतर श्वास मोजावा. हे मोजमाप वॉर्डात सर्वांत जास्त ढोबळपणे भरले जाते. तक्त्यावर एकाखाली एक सगळ्यांच्या नावापुढे “२०” लिहिलेले असते आणि तो आकडा कोणी मोजलेला नसतो. पूर्ण एक मिनिट, घड्याळाकडे पाहून, छाती किंवा पोट वरखाली होताना मोजावे. मोजत असल्याचे रुग्णाला सांगू नये, कारण लक्ष गेले की श्वासाची गती बदलते. नाडी धरल्याचे दाखवून श्वास मोजणे ही जुनी आणि चांगली रीत आहे. विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. प्रकृती बिघडू लागली की रक्तदाब घसरण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढतो, म्हणून हा एक आकडा खरा असणे फार मोलाचे आहे.

नाडी, रक्तदाब, ताप आणि ऑक्सिजनचे प्रमाण यांची नोंद नेहमीप्रमाणे करावी. बोटाला लावायचे यंत्र गार बोटावर, नेलपॉलिशवर किंवा गडद मेंदीवर चुकीचा आकडा दाखवू शकते. शंका आली तर बोट चोळून गरम करावे किंवा दुसरे बोट घ्यावे. जुन्या दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या दीर्घ विकाराच्या रुग्णासाठी डॉक्टरांनी ८८ ते ९२ टक्के असे कमी लक्ष्य लिहिलेले असू शकते. अशा रुग्णाचा ऑक्सिजन नातेवाइकांनी आपण होऊन वाढवू नये, कारण जास्त ऑक्सिजनही त्याला अपायकारक ठरतो.

थांबा : श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून अधिक असेल, काल नीट बोलणारा रुग्ण आज असंबद्ध बोलत असेल किंवा हाक मारूनही जागा होत नसेल, तर अंघोळ, चादर, नाश्ता हे सगळे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना कळवावे.

## टप्पा २ : चार प्रश्न, ज्यांवर पुढचा क्रम ठरतो

पहिला प्रश्न : शेवटचे खाणे किंवा नळीतून दिलेले अन्न कधी झाले? तोंडाने खाल्ल्यास निदान अर्धा तास आणि नळीचे अन्न असल्यास एक तास झालेला नसेल तर रुग्णाला सपाट करू नये. भरल्या पोटी आडवे केले आणि कुशीवर ढकलले की पोटातले घशात येते आणि तेथून फुप्फुसात उतरते. अशा रुग्णाला खोकला येईलच असे नाही. संध्याकाळी ताप चढतो आणि दुसऱ्या दिवशी छातीच्या फोटोत न्यूमोनिया दिसतो, तेव्हा सकाळच्या चादरीची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

दुसरा प्रश्न : वेदनाशामक औषध लिहिलेले आहे का आणि ते दिले का? खुबा मोडलेल्या आजींना वळवून झाल्यावर गोळी देण्यात अर्थ नाही. तोंडाने द्यायची गोळी साधारण अर्धा ते पाऊण तास आधी दिली तर वळवताना तिचा उपयोग होतो. वेदना कमी असली की रुग्ण अंग ताठ धरत नाही आणि उचलणाऱ्याच्या कमरेवरचा ताणही घटतो.

तिसरा प्रश्न : मधुमेह आहे का? लवकर काम करणारे इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय टोचू नये. इन्सुलिन देऊन मग अंग पुसायला घेतले आणि त्यात पाऊण तास गेला, तर साखर घसरते. घाम, थरथर, बावचळणे ही तिची लक्षणे अंग पुसण्याच्या धांदलीत थकवा म्हणून सोडून दिली जातात. रक्तातील साखर ७० मिलीग्रॅमच्या खाली असेल आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या तोंडात साखर, मध, काहीही घालू नये.

चौथा प्रश्न : वळवण्यास मनाई आहे का? मणक्याची इजा, वजन लावून ताणात ठेवलेला पाय किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय कूस बदलू नये. मणक्याच्या रुग्णाला वळवायला निदान चार माणसे लागतात. त्यांतला एक फक्त डोके आणि मान धरतो आणि सगळे त्याच्या शब्दावर, शरीर ओंडक्यासारखे एका रेषेत ठेवून वळवतात.

## टप्पा ३ : साहित्य, हात आणि खाट

सगळे साहित्य खाटेपाशी आल्याशिवाय रुग्णाचे पांघरूण काढू नये. दोन बादल्या किंवा दोन टोप, कोमट पाणी, साबण, तीन-चार मऊ फडकी, टॉवेल, स्वच्छ कपडे, चादर, ड्रॉ शीट (रुग्णाच्या कमरेखाली आडवी अंथरायची छोटी चादर), लागल्यास डायपर, हातमोजे, तोंडाच्या स्वच्छतेचे साहित्य, तीन-चार उशा किंवा त्यांऐवजी घडी केलेल्या चादरी, आणि घाण टाकण्याची पिशवी. अर्ध्यात काहीतरी आणायला जाणे हेच खाटेवरून पडण्याचे एक ठरलेले कारण आहे : कुशीवर वळवलेला रुग्ण, खाली केलेला कठडा आणि “एक मिनिटात आलेच” म्हणून निघून गेलेली व्यक्ती.

हात कोरडे व दिसायला स्वच्छ असतील तर हँडरब (हात स्वच्छ करण्याचे अल्कोहोलयुक्त द्रावण) २० ते ३० सेकंद चोळावे. हात मळलेले असतील किंवा रुग्णाला जुलाब असतील तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद धुवावेत. अंगठा, बोटांची टोके आणि बोटांमधली जागा हमखास राहून जाते. बांगड्या, अंगठ्या आणि घड्याळ आधीच काढून ठेवावे. त्यांनी रुग्णाची पातळ कातडीही खरचटते. रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, शरीरातील स्रावाला हात लागल्यानंतर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर, अशा पाच वेळा हात स्वच्छ करायचे असतात. हातमोजे हा त्याला पर्याय नाही. डायपर काढलेल्या त्याच मोज्यांनी सलाईनची नळी सरळ करणे ही मी सर्वांत जास्त वेळा थांबवलेली चूक आहे. नातेवाइकांनी आपल्या रुग्णाचे काम करून लगेच शेजारच्या खाटेवर मदतीला जाणे हे माणुसकीचे आहे, पण मध्ये हात धुतले पाहिजेत.

खाटेचे ब्रेक पायाने दाबून पाहावेत, उंची वाढवता येत असेल तर ती कमरेपर्यंत आणावी आणि पलीकडच्या बाजूचा कठडा वर करावा. पडदा नसेल तर दोघांनी चादर धरून आडोसा करावा. वॉर्ड खचाखच भरलेला असला तरी रुग्णाची लाज राखायची आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि खिडकीत मोठा कूलर लागतो. अंग पुसताना त्याचा झोत ओल्या अंगावर येणार नाही असा वळवून घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत बादलीतले पाणी बघताबघता गार होते, म्हणून पाणी थोडे थोडे घ्यावे आणि मधूनच बदलावे.

तपासा : ब्रेक लागले का, पलीकडचा कठडा वर आहे का, साहित्य हाताशी आहे का, रुग्णाला काय करणार ते सांगितले का. बेशुद्ध रुग्णालाही सांगावे, कारण तो ऐकत नाही असे आपल्याला ठरवता येत नाही.

## टप्पा ४ : नळ्या आधी, रुग्ण नंतर

डोक्यापासून पायापर्यंत प्रत्येक नळी हाताने चाचपत तिच्या दोन्ही टोकांपर्यंत जावे : ऑक्सिजन, नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी म्हणजे राइल्स ट्यूब, सलाईन, जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी म्हणजे ड्रेन, लघवीची नळी म्हणजे कॅथेटर. कोणती नळी कुठून निघते आणि कुठे जाते हे बोटांना कळले की वळवताना ती ओढली जात नाही.

राइल्स ट्यूबवर नाकपुडीपाशी केलेली खूण जागेवर आहे का ते पाहावे. ट्यूब बाहेर सरकलेली दिसली तर नातेवाइकांनी ती आत ढकलू नये, परिचारिकेला बोलवावे. सलाईनच्या जागी सूज, लाली, गारवा किंवा ठणका असेल तर ते सलाईन शिरेबाहेर जात असण्याची शक्यता असते. अशा वेळी वेग वाढवून पाहू नये, नळीवरचे चाक बंद करून सिस्टरला सांगावे. सलाईनचा वेग नातेवाइकांनी कधीही बदलू नये. “लवकर संपेल तर लवकर जेवायला देता येईल” म्हणून चाक मोकळे सोडलेले मी पाहिले आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णाच्या छातीत त्याने पाणी भरते.

लघवीची पिशवी वळवण्यापूर्वी रिकामी करावी आणि ज्या कुशीवर रुग्ण जाणार आहे त्या बाजूला आधी नेऊन अडकवावी. नेताना ती मूत्राशयाच्या पातळीच्या वर उचलू नये, नाहीतर जुनी लघवी मागे फिरते आणि संसर्ग आत जातो. पिशवी जमिनीला टेकू नये. तिची तोटी भांड्याच्या काठाला लागू नये आणि प्रत्येक रुग्णाचे भांडे वेगळे असावे. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करावी. काठोकाठ भरेपर्यंत थांबल्यास तिच्या वजनाने कॅथेटर ओढले जाते. रिकामी करण्यापूर्वी किती मिलीलिटर आहे ते पाहून लिहावे. वजन ६० किलो असेल तर तासाला साधारण ३० मिलीलिटर ही खालची मर्यादा समजावी. उन्हाळ्यात गडद पिवळी, थोडीशी लघवी दिसली तर “गरमीने असेल” म्हणून सोडू नये. आधी नळी पिळली गेली आहे का ते पाहावे आणि नसेल तर डॉक्टरांना कळवावे.

## टप्पा ५ : तोंडाची स्वच्छता

तोंडापासून सुरुवात करण्याचे कारण असे की पुढे भरवायचे आहे आणि अस्वच्छ तोंडातले जंतू प्रत्येक घोटाबरोबर खाली जातात. कवळी काढून पाण्याच्या डबीत ठेवावी व डबीवर रुग्णाचे नाव लिहावे. कागदात गुंडाळून ठेवलेली कवळी कचऱ्यात जाते. शुद्धीवरच्या रुग्णाला डोके वर करून मऊ ब्रशने दात घासू द्यावेत. ज्याला गिळता येत नाही त्याला कुशीवर घ्यावे, गालाखाली टॉवेल ठेवावा, ओलसर पण न ठिबकणाऱ्या गॉजने दात, हिरड्या आणि जीभ पुसावी, आणि परिचारिकेने सक्शन (तोंडातला द्राव ओढून घेणारे यंत्र) जवळ ठेवावे. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात पाणी ओतू नये आणि त्याच्या दातांमध्ये आपले बोट घालू नये. ओठांना शेवटी थोडे व्हॅसलीन लावावे. ऑक्सिजन चालू असेल तर मात्र पाण्यात विरघळणारे मलम परिचारिकेकडून मागून घ्यावे.

## टप्पा ६ : अंग पुसणे

क्रम स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे असतो. चेहरा साध्या पाण्याने पुसावा, साबण लावू नये. डोळे नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्याकडे पुसावेत आणि दुसऱ्या डोळ्यासाठी फडक्याचा दुसरा कोपरा घ्यावा. त्यानंतर मान, हात, छाती, पोट, पाय, पाठ आणि सर्वांत शेवटी लघवी-शौचाची जागा. त्या जागेसाठी वेगळे फडके आणि नवे पाणी घ्यावे. स्त्रियांमध्ये नेहमी पुढून मागे पुसावे.

पाण्याची उष्णता आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला पाहावी. पक्षाघात किंवा जुना मधुमेह असलेल्या रुग्णाला चटका कळत नाही, म्हणून तो ओरडला नाही याचा अर्थ पाणी योग्य आहे असा नव्हे. याच कारणाने अशा रुग्णाच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. एका वेळी एकच अवयव उघडा करावा आणि पुसून झाला की कोरडा करून झाकावा. काखा, स्तनांखालचा भाग, जांघा आणि बोटांमधली जागा टिपून कोरडी करावी, घासू नये. उन्हाळ्यात घडीघडीत पावडर टाकण्याची सवय आपल्याकडे मोठी आहे, पण घामात तिचे गोळे होतात आणि कातडी सोलली जाते.

कपडे बदलण्याचाही क्रम ठरलेला आहे. काढताना चांगल्या हाताची बाही आधी काढावी, घालताना अधू किंवा सलाईनच्या हाताची बाही आधी घालावी. सलाईन असेल तर परिचारिकेने नळीसह बाटली बाहीतून बाहेर काढावी. नळी सुटी करून पुन्हा जोडू नये. पक्षाघात झालेला हात धरून रुग्णाला कधीही ओढू नये, कारण त्या खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात आणि सांधा निखळू शकतो.

## टप्पा ७ : पाठ, चादर आणि कूस एकाच वळणात

रुग्णाला तीनदा वळवून तीन कामे करण्यापेक्षा एका वळणात पाठ पुसणे, कातडी तपासणे आणि चादर सरकवणे उरकावे. याला दोन माणसे लागतात. एकट्याने हे काम करण्यात कौतुक नाही.

रुग्णाला आपल्या अंगाकडे वळवावे, अंगापासून दूर ढकलू नये. पलीकडचा गुडघा वाकवून, एक हात खांद्यावर आणि दुसरा कमरेवर ठेवून, तीन मोजून, आपले गुडघे वाकवून व पाठ सरळ ठेवून वळवावे. आपल्याकडची व्यक्ती रुग्णाला धरून राहते, पलीकडची पाठ पुसते.

आता कातडी पाहावी : माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची हाडे, डोक्याची मागची बाजू आणि ऑक्सिजनच्या नळीखाली येणारी कानामागची जागा. लाली दिसली तर बोटाने काही क्षण दाबून सोडावे. पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर दाब नुकताच पडला आहे. दाबूनही लाली जात नसेल तर ती बेडसोअरची, म्हणजे सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी आहे आणि त्या कुशीवर रुग्णाला पुन्हा ठेवू नये. आपल्यापैकी अनेकांच्या सावळ्या कातडीवर ही लाली दिसतच नाही. तिथे आजूबाजूच्या कातडीपेक्षा गडद, जांभळट, गरम, गार, कडक किंवा फुगीर वाटणारी जागा हाताने शोधावी लागते. केवळ डोळ्यांवर विसंबल्याने आपल्या रुग्णांतला बेडसोअर फुटल्यानंतरच सापडतो.

सावधान : लाल झालेल्या जागी तेलाने चोळू नये. घरोघरी पाठीला खोबरेल तेल रगडण्याची पद्धत आहे आणि त्यामागे मायाच असते, पण दाबामुळे आधीच नाजूक झालेल्या पेशी चोळण्याने आणखी तुटतात. धडधाकट कातडीवर हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. टाचेखाली किंवा बसायच्या जागी पाण्याने भरलेले हातमोजे वा गोल रिंग ठेवणेही टाळावे. रिंगेच्या काठाभोवती रक्तप्रवाह अडतो.

जुनी चादर आतल्या बाजूला गुंडाळत पाठीपाशी आणावी, नवी चादर तिच्याशेजारी अंथरावी, रुग्णाला या उंचवट्यावरून पलीकडे वळवावे आणि दुसऱ्या व्यक्तीने जुनी काढून नवी ओढून घ्यावी. वळवण्यापूर्वी कठड्यांची आणि पिशवीची अदलाबदल करावी. मळकी चादर झटकू नये, जमिनीवर टाकू नये. गुंडाळून थेट पिशवीत घालावी. रबरी शीट असेल तर ती कातडीला न लागता सुती ड्रॉ शीटने पूर्ण झाकली गेली पाहिजे, विशेषतः उन्हाळ्यात. चादरीची सुरकुती, सुईचे टोपण, बिस्किटाचा चुरा यांवर रात्रभर झोपून जखमा झालेल्या आहेत.

वर सरकवायचे असल्यास काखेत हात घालून ओढू नये. ड्रॉ शीटच्या दोन्ही कडा धरून उचलून सरकवावे. घासून ओढल्याने वरची कातडी जागेवर राहते आणि आतले थर सरकतात, त्यामुळे आतून जखम तयार होते.

कुशीवर पूर्ण ९० अंशांत ठेवू नये, कारण सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांचा कल द्यावा, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी आणि पोटरीखाली उशी देऊन टाचा हवेत तरंगत्या ठेवाव्यात. दर दोन तासांनी कूस बदलावी. कातडी पाहून हे अंतर कमी-जास्त ठरवता येते. एअर मॅट्रेस घेतली म्हणून कूस बदलणे थांबत नाही. नातेवाइकांनी पैसे जमवून मॅट्रेस आणायची आणि त्यानंतर निश्चिंतपणे रात्रभर रुग्णाला उताणे ठेवायचे, हे इतक्या वेळा पाहिले आहे की मॅट्रेस बसवतानाच मी कुशीचे वेळापत्रक खाटेला बांधत असे.

## टप्पा ८ : उठवून बसवणे आणि भरवणे

आता, आणि आताच, नाश्ता. पक्षाघाताच्या रुग्णाची गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने पाण्याचा थेंबही देऊ नये. घरून आलेला चहा, नारळपाणी, प्रसाद यालाही हाच नियम लागू आहे.

गिळू शकणाऱ्या रुग्णाला शक्य तितके सरळ बसवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी आणि भरवणाऱ्याने उभे न राहता समोर बसावे, म्हणजे रुग्णाची मान वर जात नाही. अर्धा चमचा द्यावा, गिळल्याचे कंठ हलण्यावरून पाहावे आणि मगच पुढचा घास द्यावा. पातळ पाणी आणि चहा हे घसरायला सर्वांत सोपे असतात. मऊ खिचडी, घट्ट वरण, दही हे गिळणे पुष्कळदा सोपे जाते. पक्षाघात झालेल्या बाजूच्या गालात अन्न साठून राहते, म्हणून शेवटी तोंड उघडून पाहावे. खोकला, डोळ्यांत पाणी किंवा आवाज घोगरा-ओलसर झाला तर भरवणे लगेच थांबवावे.

नळीतून अन्न देणे परिचारिकेच्या देखरेखीखालीच व्हावे. खाटेचे डोके ३० ते ४५ अंश वर करावे, खूण पाहावी, ट्यूब पोटातच असल्याची परिचारिकेने खात्री करावी. हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची पद्धत अजूनही चालते, पण तिच्यावर भरवसा ठेवू नये. फुप्फुसात गेलेल्या नळीतूनही आवाज येतो. ओढून काढलेल्या द्रावाची आम्लता कागदावर तपासणे, म्हणजे पीएच ५.५ किंवा त्याहून कमी येणे, आणि शंका राहिल्यास एक्स-रे, हे विश्वासाचे मार्ग आहेत. अन्न सिरिंजच्या दट्ट्याने न ढकलता उंचीवरून सावकाश उतरू द्यावे, आधी व नंतर साधारण ३० मिलीलिटर पाणी द्यावे. पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांनी ठरवलेले प्रमाण पाळावे.

भरवल्यानंतर निदान अर्धा तास, नळीचे अन्न असल्यास तासभर, डोके वरच ठेवावे. या तासात फिजिओथेरपी, एक्स-रेसाठी आडवे नेणे, डायपर बदलणे यांपैकी काहीही टाळता येत असेल तर टाळावे. राउंडसाठी आलेल्या डॉक्टरांनी पाठ तपासायला सपाट करा म्हटले, तरी “नुकतेच अन्न दिले आहे” हे नम्रपणे सांगणे परिचारिकेचे कामच आहे.

## टप्पा ९ : औषधे

औषधे देणे हे परिचारिकेचे काम आहे. गोळ्यांची पुडी नातेवाइकांच्या हाती देऊन जाऊ नये. योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ आणि नोंद या सहा गोष्टी केसपेपर समोर ठेवून जुळवाव्यात. इन्सुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) आणि पोटॅशियम क्लोराइड या औषधांत चुकीला माफी नसते, त्यामुळे दुसऱ्या परिचारिकेकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यावे. पोटॅशियम क्लोराइड विरळ न करता शिरेत थेट कधीही देऊ नये. दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळ्या कुटून नळीतून देऊ नयेत. त्यांचा सगळा डोस एकदम उतरतो. घरून आणलेल्या जुन्या गोळ्या, काढे किंवा जडीबुटी चालू असतील तर ते न रागावता विचारून घ्यावे. रागावलो तर नातेवाईक सांगणे बंद करतात, देणे बंद करत नाहीत.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. सुई पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, प्लास्टिकच्या नळ्या व हातमोजे लाल पिशवीत, रक्त-स्राव लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत आणि काचेच्या कुप्या निळ्या डब्यात जातात.

## टप्पा १० : खाटेपासून दूर जाण्यापूर्वी

दोन्ही कठडे वर, ब्रेक लावलेले, उंची पुन्हा सर्वांत खाली. पाण्याचा ग्लास, चष्मा आणि बोलावण्याची घंटी चांगल्या हाताच्या बाजूला ठेवावी. घंटी नसेल तर स्टीलचा ग्लास आणि चमचा चालतो. मात्र बावचळलेला रुग्ण वर केलेल्या कठड्यावरून चढून उतरतो आणि अधिक उंचावरून पडतो, म्हणून त्याच्यासाठी कठड्यापेक्षा जवळ बसलेला माणूस आणि खाली केलेली खाट महत्त्वाची आहे.

जे रुग्ण थोडे चालू लागले आहेत ते सर्वाधिक पडतात, आणि तेही संडासला जाताना. त्यांना खाटेच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटे बसवावे, चक्कर नाही ना विचारावे आणि मगच उभे करावे. ओल्या फरशीवर गुळगुळीत स्लीपर घालून चालवू नये. रात्री “सिस्टरला कशाला त्रास द्यायचा” म्हणून एकटे उठणारे रुग्ण असतात. त्यांना झोपण्यापूर्वी आपणच विचारून संडासला नेऊन आणले, तर हा प्रसंग बहुधा टळतो.

तपासा : कठडे, ब्रेक, उंची, घंटी, डोक्याचा कल, पिशवी खाली, सलाईन चालू, टाचा मोकळ्या.

## टप्पा ११ : नोंद आणि सोपवणे

जे केले ते केल्यावर लगेच लिहावे. पाळी संपताना आठवून लिहिलेली नोंद निम्मी खरी असते. कूस किती वाजता कोणत्या बाजूला बदलली, कातडीवर काय दिसले, किती खाल्ले, लघवी किती झाली, हे आकड्यांत लिहावे. “रुग्ण ठीक” या दोन शब्दांतून पुढच्या पाळीला काहीही कळत नाही.

डॉक्टरांना फोन करताना चार गोष्टी या क्रमाने सांगाव्यात : आत्ता काय झाले आहे, रुग्ण कशासाठी दाखल आहे, मला काय आढळले, आणि मला तुमच्याकडून काय हवे आहे. उदाहरणार्थ : “मेडिसिन वॉर्डातून बोलते आहे. खाट चौदावरच्या रुग्णाचा श्वास वाढला आहे. पक्षाघाताचा तिसरा दिवस. सकाळी श्वास १८ होता, आता २८ आहे, ऑक्सिजन ८९ टक्के, नळीचे अन्न दोन तासांपूर्वी दिले होते, छातीत घरघर आहे. डोके वर केले आहे आणि पुढचे अन्न थांबवले आहे. आपण आत्ता येऊन पाहावे.” सांगितलेले आदेश परत वाचून दाखवावेत आणि कागदावर घ्यावेत.

नातेवाइकांना सांगताना “समजले का?” असे विचारू नये, सगळेच हो म्हणतात. “आता मला दाखवा, दुपारी यांना कसे वळवाल?” असे म्हणावे आणि त्यांचे हात पाहावेत. मराठी नीट न समजणाऱ्या नातेवाइकाला हिंदीत सांगावे, गोंडी बोलणाऱ्यासाठी वॉर्डातल्याच कोणाची तरी मदत घ्यावी आणि त्याच्याकडूनही करवून पाहावे. त्याने वळवायला सुरुवात करण्याआधी लघवीची पिशवी पलीकडे नेली, तर दुपारची कूस त्याच्यावर सोपवता येते. नेली नाही, तर पुन्हा दाखवावे.